मिटवून घ्या, पण कोणाच्या खर्चाने?

आष्टीत चार महिन्यांपूर्वी घडलेल्या एका किरकोळ अपघाताची हकीकत प्रथम सांगावयाची आहे. वर्तमानपत्रात तिची ओळही आली नाही व येण्याचे कारणही नव्हते. कोणी मेले नाही, कोणाला खरचटलेही नाही. डांबर सोडून कडेच्या मातीवर उभ्या असलेल्या एका जुन्या जीपवर कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक पिकअप येऊन आदळला. जीपमध्ये कोणी नव्हते. मालक समोरच्या टपरीवर चहा घेत होता. पुढचा मडगार्ड, डावे दार, रेडिएटर आणि चाकाची कमान गेली. गॅरेजच्या मिस्त्रीने अडतीस हजारांचा अंदाज दिला. जीप आष्टी, कडा, नगर अशी माणसे वाहणारी. दोन हातांतून गेलेली आणि फायनान्सवर घेतलेली. पिकअप ज्याचा तो चार एकरांचा शेतकरी, चालवणारा त्याचाच पुतण्या. पिकअपच्या विम्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलेली होती. जीपचा विमा होता, परंतु तो केवळ ‘थर्ड पार्टी’. म्हणजे जीपने दुसऱ्याचे काही बिघडवले तर उपयोगी पडणारा, जीपचे कोणी बिघडवले तर निरुपयोगी.

संध्याकाळी पाच-सात मंडळी बसली. गावात असे प्रसंग आले की जुन्या कार्यकर्त्यांना बोलावणे येते, तसे ते आम्हांलाही आले. पिकअपवाल्याची स्थिती सर्वांना ठाऊक होती. कांद्याला भाव नव्हता, सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते, घरात एक बाळंतपण होते. जीपवाला तरणा, कमावता. ‘गरीब माणूस आहे, ताणू नका, मिटवून घ्या’ असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही त्याला मान डोलावली. दहा हजारांवर तडजोड झाली. कागद लिहिला गेला, ‘यापुढे उभयतांची काही तक्रार नाही’ असे त्यात घातले गेले आणि साक्षीदार म्हणून आमची सही झाली. घरी परतताना आपण एक चांगले काम केले असे आम्हांस वाटत होते.

पुढे आठवडाभर हिशेब डोक्यातून जाईना. तीस-पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा हिशेब त्याच संध्याकाळी सुचावयास हवा होता, तो सुचला नाही याची खंत येथे नोंदवतो. जीपवाल्याच्या पदरी अठ्ठावीस हजारांचा खड्डा पडला. गाडी बावीस दिवस गॅरेजमध्ये होती; त्या दिवसांची कमाई बुडाली आणि फायनान्सचा हप्ता मात्र तारखेला यावयाचा तो आलाच. आता पिकअपवाल्याची बाजू पाहा. केंद्र सरकारने 1 जून 2022 पासून लागू केलेल्या दरांत, भरलेल्या स्थितीत साडेसात टनांपर्यंत वजन असलेल्या मालवाहू वाहनाच्या त्रयस्थ विम्याचा मूळ हप्ता वर्षाला 16,049 रुपये आहे, कर वेगळा. चौदा महिन्यांत किमान एका वर्षाचा हप्ता त्याने भरला नाही. त्याचे सोळा हजार वाचले आणि आम्ही त्याला दहा हजार द्यावयास लावले. दुसऱ्याच्या उभ्या गाडीची मोडतोड करूनही, विमा न काढणारा माणूस सहा हजारांनी फायद्यात राहिला! हा फायदा त्याला कोणा भांडवलदाराने दिला नाही. तो आम्ही, पंच म्हणून बसलेल्या समाजवाद्यांनी, एका जीपवाल्याच्या खिशातून काढून दिला.

आपल्या चळवळीची एक सवय या निमित्ताने तपासली पाहिजे. एका बाजूला गिरणीमालक आणि दुसऱ्या बाजूला कामगार, एका बाजूला सावकार आणि दुसऱ्या बाजूला कुळ, असा झगडा असला की आपले पाय कोठे रोवावेत हे आपणांस ठाऊक असते. परंतु गाव आणि तालुक्याच्या जीवनात पदोपदी उभा राहणारा झगडा असा सरळ नसतो. तेथे एक गरीब दुसऱ्या गरिबाच्या अंगावर पडलेला असतो. अशा वेळी जो अधिक केविलवाणा दिसतो त्याच्या बाजूला आपण झुकतो आणि ज्याचे नुकसान झाले तो गप्प बसला तर त्याला समजूतदार म्हणतो. दया करावी, परंतु ती आपल्या खर्चाने करावी. दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या दयेला आम्ही त्या संध्याकाळी न्याय समजलो.

या प्रश्नावर कायदा काय म्हणतो? तो संदिग्ध नाही. दुसऱ्याच्या उभ्या गाडीला धडक देणाऱ्या वाहनाचा चालक हलगर्जीपणाबद्दल जबाबदार असतो आणि मालक आपल्या चालकाच्या कृत्याबद्दल. विमा नाही म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही. फक्त ती उचलणारा तिसरा खांदा नाहीसा होतो आणि सारा भार मालक व चालक यांच्यावर येतो. उभी गाडी कोणाच्या आड आली नाही, ती जागची हलली नाही, म्हणून चूक कोणाची हे सिद्ध करणेही अशा दाव्यात फारसे अवघड नसते. घटनाच पुरावा देते. (वळणावर, अंधारात, मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी न लावता उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉल्यांना हे लागू नाही. त्यांच्यावर आदळून माणसे मेली आहेत. तेथे उभ्या वाहनाच्या मालकाच्या पदरीही दोष येतो.) आणखी एक गोष्ट आपल्या भागात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी विकून टाकली आणि नोंदणी पुस्तकात नाव बदलले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. गाडी विकून पाच वर्षे झालेल्या माणसाच्या दारात अपघाताची नोटीस येते ती यामुळे.

जखमी कोणी नसले तरी, त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले की, जवळ पोलीस नसल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. नुकसान भरून मागण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मृत्यू व इजा यांच्याबरोबर मालमत्तेच्या हानीचाही उल्लेख कायद्यात आहे, परंतु लोकांना तो माहीत नाही. माणूस दगावला तरच तेथे जावयाचे अशी सार्वत्रिक समजूत आहे. फौजदारी कायद्याचा मात्र येथे फारसा आधार नाही. आगळीकीचा गुन्हा ठरावयास हेतू किंवा जाणीव लागते, आणि ब्रेक न लागल्याने आदळलेल्या पिकअपला हेतू नसतो. त्यामुळे ठिकठिकाणी पोलीसही ‘आपसात बघा’ म्हणतात, आणि त्यांचे सर्वस्वी चुकते असेही म्हणता येत नाही.

सक्तीचा विमा आला कोठून, हे तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असावे. ब्रिटनने तो 1930 च्या कायद्याने आणला. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा झाला, परंतु त्यातील विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात 1 जुलै 1946 रोजी अमलात आले. त्यामागचा विचार समाजवादाला परका नाही. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर यंत्र घेऊन येणारा माणूस इतरांवर एक धोका लादतो, आणि त्या धोक्याची किंमत त्याने आगाऊ, सर्वांबरोबर वाटून, भरली पाहिजे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ज्याला खाजगी खर्च व सामाजिक खर्च यांतील तफावत म्हटले, तिचे इतके सोपे उदाहरण दुसरे नाही. पिकअप नगरला कांदा नेतो त्याचा नफा एकाचा; तो आदळला तर खर्च मात्र ज्याची गाडी वाटेत उभी असेल त्याचा. विमा काढणे ही म्हणून स्वतःच्या काळजीची गोष्ट नव्हे. तो परक्याप्रती असलेल्या कर्तव्याचा भाग आहे. विमा-कंपन्यांच्या जाहिराती त्याला ‘स्वतःचे संरक्षण’ म्हणून विकतात, तेथून समजुतीचा घोटाळा सुरू होतो.

1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. 1 जानेवारी 1973 पासून शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन करण्यात आल्या. त्या काळात सरकारी कंपन्यांच्या दिरंगाईवर आपणही टीका केली होती आणि ती रास्त होती. परंतु विमा असलेल्या वाहनाखाली सापडलेल्या गरिबाला एक बुडीत न जाणारा प्रतिवादी मिळाला होता, हेही तितकेच खरे. न्यायालयांनी जबाबदारीची व्याप्ती वाढवत नेली ती या भरवशावर. 29 ऑक्टोबर 1987 रोजी पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळू लागले, आणि जमलेल्या गावकऱ्यांच्या देखत चार तासांनी त्याचा स्फोट झाला. माणसे भाजली, काही दगावली. पुढे प्रश्न असा उभा राहिला की, चार तास निपचित पडलेले वाहन ‘वापरात’ होते असे म्हणता येईल काय? 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, होय, असे उत्तर दिले. वाहन उभे असो, बिघडलेले असो की कलंडलेले असो, रस्त्यावर आणलेल्या वाहनाने निर्माण केलेला धोका इंजिन बंद झाल्याने संपत नाही. ‘माझी गाडी तर नुसती दारात उभी असते, तिला विमा कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी ती सार्वजनिक रस्त्यावर उभी असेल तर या निर्णयाचा विचार करावा.

परंतु विमा नसलेल्या वाहनाबाबत हा सारा न्याय कागदावर राहतो. न्यायाधिकरणाने रक्कम मंजूर केली आणि मालकाने ती भरली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली व्हावयाची असते. म्हणजे अडतीस हजारांच्या जीपसाठी चार एकरांवर बोजा! तहसीलदार असल्या वसुलीला हात घालीत नाही, आणि घातला तर आपणच मोर्चा नेऊ. त्यात 2019 च्या दुरुस्तीने दावा दाखल करावयाला सहा महिन्यांची मुदत घातली. ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी बसून राहू नये. आष्टीहून नगर जवळ आणि बीड लांब. तीस-चाळीस हजारांच्या दाव्यासाठी बीडच्या किती फेऱ्या माराव्या लागतील आणि प्रत्येक फेरीला किती रोज बुडेल याचा हिशेब जीपवाला मनातल्या मनात करतो आणि दहा हजार घेऊन उठतो. त्याला समजूतदार म्हणणे सोपे आहे. खरे पाहता त्याला दुसरा मार्गच नव्हता.

मग विमा लोक काढीत का नाहीत? देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना फिरतात, असे विमा व्यवसायातील यंत्रणांच्या व संसदीय समितीच्या माहितीतून गेली काही वर्षे पुढे येत आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या गोष्टीला बेफिकिरी हे स्पष्टीकरण पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. त्यामुळे दुकानातून निघणारे वाहन विम्यासह निघते. मुदत संपते तोवर वाहन शहरातून तालुक्याला आणि पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आलेले असते, आणि नूतनीकरणाचा प्रश्न नेमका ज्याच्या हातात पैसा कमी त्याच्याकडे येतो. जुन्या वाहनांची ही उतरंड आपल्या सर्व अर्थव्यवस्थेची उतरंड आहे. पुण्या-मुंबईचे टाकलेले ते आष्टी-पाटोद्यात चालते, आणि त्याच्याबरोबर धोकाही खाली उतरत येतो.

दराची रचनाही पाहावी. साडेसात टनांपर्यंत एकच टप्पा असल्याने दीड-दोन टन माल नेणारा शेतकऱ्याचा पिकअप आणि त्याच्याहून बराच अधिक माल ओढणारा व्यापाऱ्याचा ट्रक एकच हप्ता भरतात. महिन्यात चार खेपा करणारा आणि तीस खेपा करणारा यांतही भेद नाही. धोका ज्याचा मोठा त्याने अधिक भरावे, हे विम्याचेच तत्त्व आहे. येथे लहान माणूस मोठ्याचा भार वाहतो. हप्ता एकरकमी भरावयाचा. सुगीनंतर भरण्याची, दोन-तीन तुकड्यांत भरण्याची सोय शेतकऱ्याला कोणी देत नाही. आणि जी गोष्ट कायद्याने सक्तीची केली तिच्यावर सरकार करही घेते! सप्टेंबर 2025 मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाले, मालवाहू वाहनांच्या त्रयस्थ विम्यावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दुचाकी व मोटारी यांच्या विम्यावर मात्र 18 टक्के कायम राहिला. दुसऱ्याप्रती असलेले कर्तव्य पार पाडणाऱ्यावर कर बसविण्याचे समर्थन आम्हांला कोणत्याही अर्थशास्त्रात सापडलेले नाही.

दंडाचे गणित तर विनोदी आहे. विम्याविना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. एक हजार ते पंधराशे सी.सी.च्या मोटारीचा मूळ हप्ता 3,416 रुपये, करासह चार हजारांवर. कैद झालेला माणूस आम्ही पाहिलेला नाही, तेव्हा उरला दंड. वर्षातून एकदा पकडला गेला तरी विमा न काढणारा निम्म्या खर्चात सुटतो. उलट साध्या मोटारसायकलचा, 75 ते 150 सी.सी.चा, हप्ता 714 रुपये, करासह साडेआठशेच्या आत, आणि दंड मात्र तोच दोन हजार. म्हणजे शेतमजुराच्या मोटारसायकलला दंडाची जरब आहे आणि मोटारवाल्याला दंड म्हणजे सवलत आहे. सर्वांना समान दंड लावला की समता आली, असे समजणारे लोक आपल्या देशात कायदे लिहितात.

विमा असला तरी भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. 1988 च्या कायद्यात मालमत्तेच्या हानीबाबत विमा-कंपनीची कायदेशीर जबाबदारी केवळ सहा हजार रुपयांची होती. पॉलिसीत ती दुचाकीला एक लाख व इतर वाहनांना साडेसात लाख अशी वाढवून देण्याची पद्धत पडली. परंतु हप्त्यात शे-पन्नास रुपये वाचवण्यासाठी ही मर्यादा पुन्हा सहा हजारांवर आणून घेण्याचा पर्यायही ठेवला गेला. 2019 च्या दुरुस्तीने ते कलम नव्याने लिहिले गेले, तरी आपली पॉलिसी काढून ‘त्रयस्थाची मालमत्ता’ या ओळीपुढे कोणता आकडा आहे तो प्रत्येकाने वाचावा. एजंट तो वाचून दाखवीत नाही.

विमा नसलेल्याने केलेल्या नुकसानीची भरपाई कोणी तरी सामुदायिकपणे करावी, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये 1946 पासून सर्व विमा-कंपन्यांनी मिळून चालवलेला एक मंच आहे. विमा नसलेल्या चालकाचा बळी ठरलेल्यास तो भरपाई देतो, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून मालमत्तेच्या हानीचाही त्यात समावेश आहे. पैसा येतो कोठून? प्रामाणिकपणे विमा काढणाऱ्यांच्या हप्त्यांतून. म्हणजे तेथेही बेफिकीर माणसाचा भार शेजारी उचलतो. फरक इतकाच की तो एका जीपवाल्यावर न पडता सर्वांवर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनांसाठी तेवढी योजना आहे. 2022 पासून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर इजेस पन्नास हजार मिळतात. गाडी, बैल, टपरी यांच्या नुकसानीला काही नाही. ज्याची जीप किंवा टपरी हेच उपजीविकेचे साधन आहे, त्याच्या ‘मालमत्तेचे’ नुकसान म्हणजे त्याच्या मजुरीचे नुकसान आहे, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनाला शिवलेला नाही. मालमत्ता म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीमंताची मोटार येते. आपल्याही येते, हे कबूल करू.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्येच वाहनाच्या वापराप्रमाणे अपघाताचा खर्च वसूल करण्याचा विचार मांडला होता. त्याच दिशेने, विम्याचा हप्ता इंधनाच्या दरात घालावा असे काही जण सुचवतात. जो जास्त फिरेल तो जास्त भरेल आणि चुकवता कोणालाच येणार नाही. युक्तिवाद आकर्षक आहे. आमच्या वर्गात आम्ही तो मोठ्या हौसेने शिकवीत असू. परंतु दक्षिण आफ्रिकेत इंधनावरील अधिभारातून चालणारा अपघात निधी वर्षानुवर्षे तुटीत रुतलेला आहे आणि तोही शारीरिक इजेपुरताच आहे. शिवाय शेतात पंपाला किंवा नांगरटीला जळणाऱ्या डिझेलवर रस्त्याच्या अपघाताचा भार का, याचे उत्तर द्यावे लागेल. आम्ही आज त्या बाजूने कौल देत नाही.

बीड जिल्ह्याजवळ मात्र स्वतःचा एक अनुभव आहे. 2020 च्या खरिपात या जिल्ह्याच्या पीकविम्याला खाजगी कंपन्या पुढे येईनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत ‘बीड पॅटर्न’ आला. भरपाई हप्त्यांच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी झाली तर कंपनीने वीस टक्के ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करावयाची, आणि ती 110 टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार सरकारने उचलावयाचा. पुढे 2022 मध्ये ती पद्धत राज्यभर नेण्यात आली. पीकविम्यातील गैरप्रकार आम्हांला ठाऊक आहेत. बनावट अर्जांच्या प्रकरणांत आपल्या जिल्ह्याचे नाव यावे ही शरमेची गोष्ट आहे. परंतु सक्तीच्या विम्यातून मिळणाऱ्या नफ्याला मर्यादा हवी आणि उरलेला पैसा सार्वजनिक कामी यावा, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. त्रयस्थ विमा हा पीकविम्याहूनही अधिक सक्तीचा आहे. सरकारी विमा-कंपन्यांमार्फत तो याच तत्त्वावर चालवावा, आणि शिलकीतून विमा नसलेल्या वाहनांनी केलेल्या लहान नुकसानीचा, समजा एक लाखापर्यंतच्या, जिल्हानिहाय निधी उभारावा. त्या निधीने आधी भरपाई द्यावी आणि मग वाहनमालकाकडून हप्त्याहप्त्याने वसूल करावी. राज्य परिवहन उपक्रमांना कायदा विम्यातून सूट देऊ शकतो तो त्यांनी स्वतःचा निधी ठेवला तरच. निधी हा विम्याला पर्याय होऊ शकतो, हे कायद्यानेच मान्य केलेले आहे.

वसुलीबाबत एक कडवा मुद्दा टाळता येणार नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना असे नियम करावयास सांगितले की, विमा नसलेले वाहन अपघातात सापडल्यास मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ते सोडू नये, आणि तीन महिन्यांत हमी न दिल्यास त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी. दिल्लीच्या 2008 च्या नियमांत ही तरतूद आधीच होती. आपल्या काही मित्रांना ती क्रूर वाटते. शेतकऱ्याचा पिकअप लिलावात जावा असे आम्हांलाही वाटत नाही. परंतु हमी म्हणजे लिलाव नव्हे. सोसायटीची, दूध संघाची, दोन शेजाऱ्यांची हमी घेऊन, भरपाईचे हप्ते बांधून वाहन सोडता येईल. वाहन अडवून ठेवण्याचा अधिकार हातात असल्याशिवाय मात्र ही हमी कोणी देणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे मुकादम कारखान्यांशी उचलीचे करार करतात. ज्या ट्रॅक्टरच्या विम्याचा कागद नाही त्याला उसाच्या वाहतुकीचे काम मिळणार नाही, अशी अट कारखान्याने घातली आणि हप्ता उचलीतून न कापता वाहतूक दरात धरला, तर आष्टी, पाटोदा, शिरूर या तिन्ही तालुक्यांतील रस्ते एका हंगामात बदलतील. हे सहकारी साखर कारखान्यांच्या सभांत मागण्याचे काम आहे, आणि आपले सभासद तेथे आहेत.

पंच म्हणून बसणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती निराळी आहे. बसावयाला जरूर बसावे. न्यायालय लांब आहे तोवर गावाला पंचांवाचून सुटका नाही. परंतु गॅरेजचा लेखी अंदाज पुढे ठेवल्याशिवाय आकडा बोलू नये. बुडालेले रोज त्यात धरावेत. देणाऱ्याची ऐपत पाहावयाची ती हप्ते किती आणि किती महिन्यांत हे ठरवताना, रक्कम ठरवताना नव्हे. ‘यापुढे काही तक्रार नाही’ हे वाक्य शेवटचा हप्ता मिळेपर्यंत कागदावर येऊ देऊ नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. जीपवाला मागच्या आठवड्यात घरी आला होता. सहा महिने पुरे व्हावयास अजून दोन आहेत. दावा लावावा काय, असे त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो. वकिलांचे म्हणणे असे की तो तडजोडीचा कागद आड येईल, तरीही प्रयत्न करून पाहावा. आम्ही पिकअपवाल्याकडेही गेलो आणि उरलेले अठ्ठावीस हजार महिना हजार-पंधराशे करून देता येतील काय, असे विचारले. तो म्हणाला, ‘सर, तुम्हीच तर मिटवलं होतं.’ त्याचेही खोटे नाही. दाव्याच्या अर्जासोबत जोडावयाच्या कागदांत तो कागद आहे, त्यावर आमची सही आहे, आणि बोलावणे आले तर तो कोणत्या समजुतीने लिहिला गेला हे सांगावयास आम्ही बीडला जाणार आहोत.